अठ्ठावीस सरळ, सात माघारी

पहाटे ५.५०

पौर्णिमा होऊन दोनच दिवस झालेत, उधाणाचं पाणी अजून ओसरलेलं नाही. अशा दिवसांत सकाळची ओहोटी सातच्या पुढेमागे लागते आणि डहाणूचा समुद्र पार लांब जातो. मला तेवढाच वेळ मिळतो. पावणेनऊच्या आत एसटी स्टँडवर पोचायचं, साडेदहाला तलासरीत कॉलेज. चहा उभ्यानेच घेतला. पिशवीत झाकणाचे दोन डबे, जुनं सुती फडकं, वर्तमानपत्राच्या चार घड्या आणि समुद्राचं पाणी भरायला दोन लिटरची रिकामी बाटली. आज तृतीय वर्षाच्या मुलांना इलेक्ट्रॉनची माघारी फेरी शिकवायची आहे. गेली अकरा वर्षं शिकवते आहे, तरी आदल्या रात्री झोप थोडी कमीच लागते.

७.०५

किनाऱ्यावर बऱ्यापैकी दिसायला लागलंय. सूर्य आपल्या मागून, चिकूच्या वाड्यांच्या वरून येणार. समुद्र अजून करडाच आहे. दक्षिणेकडे औष्णिक केंद्राची चिमणी धुक्यात अर्धी बुडालेली. ओहोटीने उघडे पडलेले दगड बुळबुळीत आहेत आणि त्यांच्यावर उल्वा हे समुद्री शेवाळ अंथरल्यासारखं पसरलंय.

उल्वाची एक पात हातात घेऊन बघण्यासारखी असते. पोपटी, काठाला चुण्या पडलेली, तळहाताएवढी. बोटावर ताणली की बोटावरच्या रेषा तिच्यातून दिसतात. जाडी मोजून दोन पेशींची. एक थर या बाजूला, एक त्या बाजूला, मध्ये काही नाही. मूळ नाही, खोड नाही, पाणी साठवायला जागा नाही, आणि उन्हापासून वाचवणारी मेणाची सालही नाही. भरती असेल तोवर ही पाण्यात डुलते. ओहोटी लागली की दगडाला चिकटून पडते आणि वरून ऊन, वारा दोन्ही सोसते. दिवसातून दोनदा पाणी तिला सोडून जातं.

वरच्या अंगाच्या दगडांवरचं उल्वा पाण्याबाहेर पडून दोन-तीन तास झाले असतील. त्याचे काठ आत वळायला लागलेत. खालच्या दगडांवरचं अजून निथळतंय. मी दोन्हीकडचं थोडं थोडं घेतलं. ओलं फडक्यात गुंडाळून डब्यात, आणि वरचं वर्तमानपत्रावर पसरून.

"बाई, शेवाळ नेऊन करता तरी काय?" बोंबील घेऊन चाललेल्या मावशींनी विचारलं. दर वर्षी विचारतात. मागच्या वर्षी मी 'पोरांना दाखवायला' म्हणून सुटका करून घेतली होती. आज थांबून सांगितलं, की हे वाळतं, आणि पाणी आलं की परत उठून कामाला लागतं. ते वाळलेलं असताना काय करतं ते पोरांना दाखवायचंय. त्यांनी काठ्यांवर टांगलेल्या बोंबलांकडे पाहिलं. "आमचे नाय उठत," म्हणाल्या आणि गेल्या. तेच तर आहे. एकाच उन्हात, एकाच वाऱ्यावर दोन्ही वाळतात. बोंबील वाळून संपतो. उल्वा वाळताना आत एक चाक फिरवत ठेवतं.

ते चाक कसं, ते इथेच सांगते. हिरव्या पेशीत उजेड पकडायच्या दोन जागा आहेत. एकीला पीएस टू म्हणतात, दुसरीला पीएस वन. शोध लागण्याच्या क्रमाने नावं पडली, काम मात्र टू पासून सुरू होतं. पीएस टू उजेडाच्या जोरावर पाणी फोडते, त्यातला इलेक्ट्रॉन ओढून घेते, ऑक्सिजन सोडून देते. तो इलेक्ट्रॉन प्लास्टोक्विनोन, सायटोक्रोम, प्लास्टोसायनिन असा हातोहात जात पीएस वनपाशी येतो. तिथे त्याला उजेडाचा दुसरा धक्का बसतो, तो फेरेडॉक्सिनवर चढतो आणि शेवटी एनएडीपीएच तयार करून साखरेच्या कामाला लागतो. ही झाली सरळ वाट. पण फेरेडॉक्सिनपाशी फाटा आहे. तिथून इलेक्ट्रॉन मागे वळून पुन्हा प्लास्टोक्विनोनला मिळू शकतो, पुन्हा सायटोक्रोम, पुन्हा पीएस वन. हीच माघारी फेरी. ना पाणी फुटलं, ना ऑक्सिजन सुटला, ना एनएडीपीएच झालं. पण सायटोक्रोममधून प्रत्येक वेळी जाताना त्याने दोन प्रोटॉन पडद्याच्या आत ढकलले, आणि त्या प्रोटॉनच्या दाबावर एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार झालं.

पाणी गेलेल्या उल्वात सरळ वाट तुंबते. ऊन मात्र थांबत नाही. उजेड खाऊन उतावीळ झालेल्या इलेक्ट्रॉनला वाट मिळाली नाही की तो ऑक्सिजनला धरतो आणि पेशीचीच मोडतोड सुरू होते. चीनमधल्या छिंगताओ इथल्या संशोधकांनी २०११ मध्ये नेमकं उल्वावरच हे मोजलं: वाळताना पीएस टूचं काम आधी मंदावतं, पीएस वन मात्र बराच काळ चालू राहते आणि माघारी फेरी सुरू ठेवते, पाणी परत आल्यावर सावरतेही तीच आधी. फेरी चालू असली की आतली आम्लता वाढते, आणि ती आम्लता उजेड पकडणाऱ्या रेणूंना सांगते की आता पकडू नका, उष्णता म्हणून सोडून द्या. दोन पेशींच्या जाडीच्या पातीला ऊन सोसवतं ते असं.

८.४५

एसटीत खिडकीची जागा मिळाली. वर्तमानपत्रावरचं उल्वा मांडीवर, उन्हाच्या बाजूला. ते कागदासारखं कडक होऊ द्यायचं नाही, चामट राहायला हवं. एका वर्षी मी बेसावध राहिले, ते कुरकुरीत झालं आणि पाण्यात टाकल्यावर नुसतं भिजलं, जिवंत झालं नाही.

चारोटी नाक्याला बस महामार्गाला लागते. महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका दिसतो, दापचरी येतं, ट्रकांच्या रांगा. या सवा-दीड तासात मी टिपणं वाचते. वाचताना दर वेळी वाटतं, ही गोष्ट आमच्या मुलांना परक्या मुलखातली म्हणून सांगितली जाते. डॅनियल आर्नन यांनी १९५४ मध्ये अमेरिकेत, पालकाच्या पानांतून वेगळ्या काढलेल्या हरितलवकांत दाखवलं की नुसत्या उजेडावर एटीपी तयार होतं. ते पुस्तकात आहे आणि असायलाच हवं. पण १९४६ मध्ये एला गोन्साल्विस आणि डी. बी. जोशी यांनी वांद्र्याच्या तलावातलं शेवाळ ऋतूंप्रमाणे कसं बदलत जातं त्याचा अभ्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापला, हे पुस्तकात नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. जी. व्ही. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात समुद्री शेवाळ आणि खारफुटी खाऱ्या पाण्यात कार्बन कसा पचवतात यावर काम केलं, तेही नाही. आणि पवईच्या तलावातून आयआयटीतल्या गटाने वेगळं काढलेलं, अडीच तासांच्या आत दुप्पट होणारं नीलहरित शेवाळ २०१८ मध्ये जगापुढे आलं, ते तर माझ्या मुलांच्या हयातीतलं. वांद्रे आणि पवई आमच्या मुलांनी पाहिलेली ठिकाणं आहेत. कोणाचा भाऊ तिथे बिगारी कामाला असतो. तिथल्या पाण्यात शास्त्र होतं, तर आमच्या हौदातही असणार, हे त्यांना आधी पटलं पाहिजे.

१०.५०

प्रयोगशाळा. काचेच्या बाटल्यांच्या मांडणीला पुढून सुतळी बांधलेली आहे. २०१८ च्या नोव्हेंबरपासून या भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हापासून ती तशीच आहे. मुलांना आता तिचं काही वाटत नाही.

प्रत्येकाला घराजवळचं हिरवं पाणी आणायला सांगितलं होतं. चौदा जण, अकरा बाटल्या. विहिरीच्या पायरीवरचं, कुर्झे धरणाच्या काठचं, ओहोळाच्या डबक्यातलं. झरीच्या मुलीने गुरांच्या हौदातलं आणलं होतं आणि ते द्यायला लाजत होती. सगळ्यात चांगलं तेच निघालं. एक थेंब काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली क्लॅमिडोमोनास धावताना दिसले. मिलिमीटरचा शंभरावा भाग एवढा जीव, पुढे दोन शेपट्या, पेल्याच्या आकाराचं एकच मोठं हरितलवक आणि एका बाजूला डोळ्यासारखा तांबडा ठिपका. जगभरच्या प्रयोगशाळा माघारी फेरीचा अभ्यास ज्या जीवावर करतात, तो हाच. २०१० मध्ये जपानमधल्या गटाने याच जातीच्या पेशींतून पीएस वन, सायटोक्रोम आणि त्यांच्या जोडीची प्रथिनं एकत्र बांधलेली अशी अख्खी जुडी बाहेर काढली. म्हणजे फेरीची सगळी ठाणी पेशी गरज पडली की जवळजवळ आणून ठेवते.

मुलगी सूक्ष्मदर्शकावरून उठेचना. मागे रांग लागली तरी मी तिला उठवलं नाही.

१२.००

आता फळा. हा तास मला सगळ्यात जवळचा आहे.

पुस्तकात सरळ वाट ठळक रेषेने काढलेली असते आणि माघारी फेरी बाजूला ठिपक्यांच्या रेषेने. परीक्षेत ती टीप लिहा म्हणून येते. त्यामुळे मुलांना वाटतं, ही अडीअडचणीची सोय. मला ते मान्य नाही. ती जमाखर्चातली नेहमीची रक्कम आहे, आणि तिच्याशिवाय पेशीचा हिशोब जुळतच नाही. हे मी सांगून उपयोग नाही, त्यांनी मांडून बघायला हवं.

म्हणून फळ्यावर नुसते आकडे दिले. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू साखरेत बसवायचा तर खर्च ३ एटीपी आणि २ एनएडीपीएच. सरळ वाटेने ४ इलेक्ट्रॉन गेले की २ एनएडीपीएच मिळतात आणि १२ प्रोटॉन आत जमतात: ४ पाणी फुटल्याचे, ८ सायटोक्रोमने ढकललेले. एटीपी बनवणारं यंत्र खरोखर गोल फिरतं. पालकाच्या हरितलवकात त्याच्या चाकाला १४ पाकळ्या मोजल्या आहेत, म्हणजे एका वेढ्याला १४ प्रोटॉन लागतात आणि एका वेढ्यात ३ एटीपी होतात. आता जुळवा.

पाच मिनिटं नुसता खडूचा आणि पेनांचा आवाज. १२ प्रोटॉनमध्ये चाकाचा वेढाच पुरा होत नाही. कोणीतरी २.५७ असं उत्तर काढलं. हवेत ३, म्हणजे कमी पडतात. किती कमी पडतात ते दशांशात सांगून काही कळत नाही, म्हणून मी म्हटलं, पूर्ण आकड्यात आणा. मागच्या बाकावरचा उधव्याचा मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, तो उठून फळ्यापाशी आला. सातने गुणलं. सात कार्बनला २१ एटीपी, १४ एनएडीपीएच हवेत. सरळ वाटेने २८ इलेक्ट्रॉन सोडले. ८४ प्रोटॉन. १४ ने भागले, ६ वेढे. १८ एटीपी. एनएडीपीएच १४, ते बरोबर पुरले. एटीपी ३ कमी.

"तीन म्हणजे एक वेढा," तो फळ्याकडे बघतच म्हणाला. "चौदा प्रोटॉन. एक इलेक्ट्रॉन माघारी आला की दोन. सात लागतील."

अठ्ठावीस सरळ, सात माघारी. पस्तिसातले सात, पाचातला एक. त्याने खाली दोन रेघा मारल्या, वाण्याच्या वहीत मारतात तशा.

मी त्यांना हेही सांगितलं, की तूट भरायचे पेशीकडे आणखी मार्ग आहेत, आणि प्रत्येक जातीत प्रमाण थोडं वेगळं पडतं. शिवाय पाण्यात राहणाऱ्या शेवाळाला कार्बन आत ओढून साठवायलाही एटीपी मोजावं लागतं. म्हणजे क्लॅमिडोमोनासला तूट जास्तच येते. पण हिशोबाचा सांगाडा हाच. एकाने विचारलं, इलेक्ट्रॉन जिथून निघाला तिथेच परत आला तर कमाई कसली? माझ्याआधी उधव्याचाच मुलगा बोलला. "माझा भाऊ इको चालवतो, तलासरी ते उधवा. रात्री गाडी असते तिथंच असते. पण गल्ला तर भरतो." वर्ग हसला. मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. पुढच्या वर्षी त्याच्या नावाने सांगेन.

१.३०

डबा. भाकरी, वालाची आमटी. शिपाई मामा आपला चहा घेऊन समोर बसले. त्यांची घोलवडकडे चिकूची थोडी झाडं आहेत. त्यांचा प्रश्न तणनाशकाचा होता: एक औषध उन्हात मारलं की संध्याकाळपर्यंत गवत होरपळतं, ढगाळ दिवशी मात्र नुसतं मलूल होतं, असं का?

योगायोग असा, की आजच्या धड्याचा तोच भाग होता. ते पॅराक्वाट. पीएस वनवरून निघालेला इलेक्ट्रॉन ते मधल्यामध्ये पळवतं आणि ऑक्सिजनला देतं. त्यातून जे तयार होतं ते पानाची आवरणं जाळतं. ऊन नसेल तर इलेक्ट्रॉन नाही आणि जळणंही नाही. "मामा, ते तुमच्या अंगातही असंच जाळतं, माणसासाठी त्यावर उतारा नाही. हात लावू नका, पोरांना तर जवळ येऊच देऊ नका." ते गप्प झाले. मग म्हणाले, बाटली घरात माळ्यावर आहे. माळ्यावरही नको म्हटलं.

दुसरं एक तणनाशक, डायुरॉन, पीएस टूच्या तोंडाशीच वाट बंद करतं. प्रयोगशाळेत मात्र त्याचा उपयोग झाला. डायुरॉन देऊन सरळ वाट बंद केली, तरी पीएस वनला मानवणारा लांब लहरींचा लाल उजेड दिला की जे इलेक्ट्रॉन फिरत राहतात, ते माघारी फेरीचे. तणाला मारणाऱ्या औषधानेच ही फेरी वेगळी करून मोजता आली.

२.४०

खिडक्यांना काळे कागद लावून खोली अंधारी केली. सामान साधं: गणपतीच्या डेकोरेशनमधला निळा फोकस, पुठ्ठ्याच्या चौकटीत ताणलेला लाल जिलेटीन कागद आणि तीन बशा.

पहिल्या बशीत हिरवी पात स्पिरिटमध्ये कुटून गाळलेला अर्क. निळा उजेड टाकला आणि तो हिरवा द्रव रक्तासारखा लाल पेटला. मुलं ओरडलीच. लाल तसाच राहिला, मिनिटभर, दोन मिनिटं. स्पिरिटमध्ये हरितद्रव्याचे रेणू सुटे झालेत. उजेड घेतात, पण इलेक्ट्रॉन द्यायला पुढे कोणी नाही, म्हणून उजेड लाल करून परत टाकतात.

दुसऱ्या बशीत ओलं उल्वा, वीस मिनिटं अंधारात ठेवलेलं. लाल कागदातून बघायला सांगितलं आणि फोकस लावला. पात क्षणात उजळली आणि मग, डोळ्यांदेखत, हळूहळू मंद होत गेली. हान्स काउट्स्की यांनी १९३१ मध्ये नुसत्या डोळ्यांनी हेच पाहिलं होतं. जिवंत पेशीत इलेक्ट्रॉनला वाट मिळते, वाट मिळाली की परत टाकायला उजेड उरत नाही. मंद होणं म्हणजे कामाला लागणं. मी मुलांना पुन्हा पुन्हा बघू दिलं, दर वेळी अंधारात ठेवून.

तिसऱ्या बशीत बसच्या खिडकीतलं चामट उल्वा. फोकस लावला. मळकट, मंद लाल, आणि त्यात काही हालचाल नाही. झरीची मुलगी म्हणाली, "मेलं हे." मी बाटलीतलं समुद्राचं पाणी त्यावर ओतलं, बशी झाकली आणि वाट बघायला लावलं. अंधारात पंधरा-वीस मिनिटं चौदा मुलं गप्प बसत नाहीत, आज बसली. मग फोकस. पात आधीपेक्षा उजळ पेटली, आणि थांबून, जणू आठवल्यासारखी, मंद व्हायला लागली. पूर्वीएवढी नाही, पण स्पष्ट.

इथे एक गोष्ट सांगणं भाग होतं आणि मी ती सांगितली. डोळ्यांना दिसला तो पीएस टूचा उजेड. माघारी फेरी आपण पाहिलेली नाही. पीएस वनची अवस्था बघायला डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरींवर मोजणारं यंत्र लागतं, ते आपल्याकडे नाही. ती बशी वाळलेली असताना आत फेरी चालू होती हे आपण दुसऱ्यांच्या मोजणीवरून मानतोय. मुलांना पाहिलेलं आणि मानलेलं यातला फरक कळावा असं मला फार वाटतं. यंत्रासाठी मी पाच वर्षं अर्ज करते आहे, यंदाही करेन. यातल्या एखाद्याने तरी ती फेरी स्वतः मोजावी.

५.१५

परतीची बस भरलेली. उभ्यानेच आले. दापचरीच्या पुढे बसायला मिळालं आणि डोळा लागला.

७.१०

घरी जायच्या आधी किनाऱ्यावर गेले. दुपारची भरती येऊन गेली होती, पाणी पुन्हा उतरत होतं. सकाळचे दगड अंधारात ओलेच बाहेर येत होते. उरलेलं उल्वा पाण्यात सोडलं. दगडावर ते परत चिकटणार नाही, पण डब्यात कुजण्यापेक्षा बरं.

९.२०

हौदातलं पाणी एका बरणीत घरी आणलंय, टेबलावर आहे. दिव्याच्या बाजूला पेशी गोळा होऊन काचेवर हिरवा पट्टा झालाय; तो तांबडा ठिपका त्यांना उजेड कुठे ते सांगतो.

फोनवर झरीच्या मुलीचा मेसेज. "मॅडम, रात्री इलेक्ट्रॉन थांबतात का?"

उजेड नसला की दोन्ही जागा थांबतात, असं लिहिलं, आणि खोडलं. कारण ते पुरतं खरं नाही. क्लॅमिडोमोनासमध्ये अंधारातही प्लास्टोक्विनोनपाशी थोडे इलेक्ट्रॉन येत राहतात. दिवसा साठवलेला स्टार्च मोडून ते मिळतात, आणि तिथूनच एक वेगळं प्रथिन ते ऑक्सिजनला देऊन टाकतं. हे तसंच लिहून पाठवलं.

लगेच उलट आलं: "म्हणजे वाट उलटी वापरतात?"

उलटी नाही, मधूनच शिरतात आणि मधूनच बाहेर पडतात. चित्र काढून पाठवते म्हटलं. मागच्या पानावर काढलं, फोटो घेतला. मग दिवा मालवला, बरणीवर काळं फडकं घातलं आणि वहीत वेळ लिहिली: ९.४५. उद्या उजाडायच्या आत फडकं काढून फोकस लावायचा आहे.